पहिली लिव्हअबोर्ड सफर: जागेआधी महिना ठरव

सप्रेम आशीर्वाद.

पहिल्या लिव्हअबोर्ड सफरीसाठी, म्हणजे बोटीवरच राहून रोज स्कूबा डाइव्ह करण्याच्या सफरीसाठी, राजा अंपात (इंडोनेशिया), गालापागोस (इक्वाडोर), सिमिलन (थायलंड), मालदीव आणि कोमोडो (इंडोनेशिया) अशी पाच नावं लिहून ‘यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?’ असं विचारलं आहेस. असं एक नाव सांगता येत नाही. या पाचही जागा वर्षातले काही महिने अप्रतिम असतात आणि काही महिने तिथे जाण्यात अर्थ नसतो. खरी कामाची माहिती तू पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिली आहेस: सुट्टी ऑगस्टमध्ये, आतापर्यंत ३८ डाइव्ह, त्यातल्या बहुतेक संथ पाण्यात, आणि बोटीवर रात्री काढण्याची ही पहिलीच वेळ. जागा यावरून ठरवायची.

आधी ऑगस्टचं बघू. सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात, त्यामुळे ती गळाली. राजा अंपातला जून ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा असतो. दक्षिणेकडच्या मिसूल भागात समुद्र इतका खवळतो की बहुतेक बोटी तो काळ कोमोडोला काढतात. त्या महिन्यांत राजा अंपातची एखादी सफर स्वस्तात दिसली तर ती स्वस्त का आहे ते समजून घे. फिलिपिन्सचं तुब्बाताहा तुझ्या यादीत नाही, पण कोणीतरी सुचवेलच. तिथला मोसम साधारण मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, जेमतेम तीन महिन्यांचा.

गालापागोस ऑगस्टमध्ये ऐन भरात असतं. डार्विन आणि वुल्फ या उत्तरेकडच्या बेटांभोवती जून ते नोव्हेंबर व्हेल शार्क येतात, हॅमरहेड शार्कचे थवेही असतात. तरीही तुला आत्ता नको म्हणेन. ही बेटं विषुववृत्तावर असली तरी दक्षिणेकडून येणारा हम्बोल्ट प्रवाह आणि पश्चिमेकडून खोलातून वर चढणारा क्रॉमवेल प्रवाह यांमुळे पाणी गार असतं, आणि व्हेल शार्कचे महिने हेच गार पाण्याचे महिने. पश्चिमेकडच्या बेटांजवळ तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ शकतं. म्हणजे ७ मिलिमीटरचा सूट, हुड, हातमोजे आणि त्यामुळे कमरेला वाढलेलं वजन. त्यात लाटांचे हेलकावे, खडकाला धरून थांबणं आणि मग उघड्या निळ्या पाण्यात सुटणं आलं. या सगळ्याची सवय एकाच आठवड्यात करायची नसते. कोस्टारिकाच्या कोकोस बेटाचंही तसंच. किनाऱ्यापासून सुमारे ५५० किलोमीटर, एका बाजूचा प्रवास साधारण दीड दिवसाचा. समुद्र लागतो की नाही हे माहीत नसलेल्या माणसाने तिथून सुरुवात करू नये.

उरले मालदीव आणि कोमोडो.

मालदीवमध्ये ऑगस्ट म्हणजे नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ. प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, प्लवकांनी भरलेलं पाणी अटॉलच्या (प्रवाळबेटांच्या वलयाच्या) पूर्वेकडच्या खिंडींतून बाहेर पडतं आणि मांटा (मोठे रे मासे) त्यामागे तिकडे जमतात. त्यामुळे दृश्यमानता कमी आणि मांटा जास्त असा हा व्यवहार असतो. निळंशार पाणी हवं असेल तर डिसेंबर ते एप्रिल बरा. बा अटॉलमधल्या हनिफारू उपसागरात मांटांचा मेळा याच दिवसांत भरतो, पण तिथे सिलिंडर घेऊन उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्कलिंग करता येतं. अनेकांना हे तिथे पोहोचल्यावर कळतं आणि मग ते हिरमुसतात.

कोमोडोबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ऑगस्टमध्ये मालदीवखेरीज तुझ्यासाठी तीच जागा शक्य आहे आणि धोकाही तिथेच आहे. प्रशांत महासागराची पातळी हिंदी महासागरापेक्षा किंचित उंच असते. तो फरक भरून काढणारं पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून दक्षिणेकडे ढकललं जातं आणि कोमोडो, रिंचा, फ्लोरेस यांच्यामधल्या अरुंद सामुद्रधुन्यांत त्याचा वेग वाढतो. त्यावर भरती-ओहोटीचा जोर चढतो. बातू बोलाँगसारख्या उभ्या खडकावर आदळलेलं पाणी दोन्ही बाजूंनी फाटतं आणि कडेला खाली ओढतं. ऑगस्टमध्ये उत्तर आणि मध्य भागात पाणी कोमट असतं. दक्षिणेला खोलातलं गार पाणी वर येतं, तिथे दोन-चार अंश नव्हे, चांगलाच फरक पडतो. पहिल्या खेपेला उत्तर आणि मध्य भागाचाच मार्ग घे.

तारीख ठरवताना चंद्र बघ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. उधाणाचा खरा जोर आणि भांगाचा खरा मंदपणा त्या तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतो. सफरीचे मधले दिवस अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांवर येतील असं निघ. हा एवढा हिशेब केला तर तोच खडक, तोच गाइड, पण डाइव्ह निराळी होते.

प्रवाहाची भीती कुठून येते, ते आकड्यांत बघ. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला २४०० लिटर हवा असते. ५० बार राखीव ठेवले की वापरायला १८००. शांतपणे पोहताना पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला १५ लिटर लागत असतील, तर २० मीटरवर दाब ३ बार, म्हणजे मिनिटाला ४५ लिटर, म्हणजे ४० मिनिटं. प्रवाहाविरुद्ध हातपाय मारलेस की हाच खर्च सहज दुप्पट होतो आणि तीच टाकी २० मिनिटांत संपते. म्हणून अनुभवी डायव्हर प्रवाहाशी झुंजत नाहीत. ते खडकाला चिकटून, त्याच्या आडोशाने सरकतात. पाणी खाली ओढायला लागलं तर सरळ वर पोहायची धडपड करू नकोस. एक तर खडक धरून हाताहाताने वर ये, नाहीतर कड्यापासून तिरकं बाहेर, मोकळ्या पाण्यात निघ. बीसीडीत (हवा भरून तरंगायच्या जाकिटात) थोडी हवा भर आणि ओढ सुटल्याक्षणी ती सोड, नाहीतर फुग्यासारखं वर फेकलं जाशील.

निघण्याआधी दोन गोष्टी घोटून घे. पहिली, ५ मीटरवर तरंगत एसएमबीचा (पाण्यावर आपली जागा दाखवणारा) फुगा सोडता यायला हवा, दोरीत न गुंतता आणि खोली एक मीटरहून जास्त न बदलता. प्रवाहात गट पांगतो आणि डिंगीवाल्याला (छोट्या होडीवाल्याला) दिसतो तो फक्त हा फुगा. दुसरी, रिकाम्या बीसीडीने मागे कलंडून उतरणं आणि न थांबता खाली जाणं. पृष्ठभागावर मास्क नीट करण्यात मिनिट घालवलंस तर खडक मागे राहतो.

नायट्रॉक्सचा (हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाचा) कोर्स केला नसशील तर आत्ता कर. दिवसाला ३-४ डाइव्ह सलग सहा दिवस म्हणजे शरीरात नायट्रोजन साठत जातो. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाने तो भार कमी होतो. मात्र खोलीची मर्यादा साधारण ३३ मीटर, आणि आपल्या टाकीतलं मिश्रण स्वतः मोजल्याशिवाय उतरायचं नाही. २८ अंशांच्या पाण्यात पहिल्या दिवशी ३ मिलिमीटरचा सूट पुरतो, पण चौथ्या दिवशी त्याच पाण्यात कुडकुडायला होतं, कारण अंगातली ऊब रोज थोडी कमी भरून निघते. ५ मिलिमीटरचा ने.

आता बोट. जागेइतकाच वेळ तिच्यावर घालव. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ डायव्हिंगच्या एका बोटीला रात्री आग लागली आणि ३४ जण गेले. रात्री गस्त घालणारं कोणी नव्हतं, आणि झोपण्याच्या जागेतून निघणाऱ्या दोन्ही वाटा वरच्या एकाच खोलीत उघडत होत्या. ती खोलीच पेटलेली होती. म्हणून पैसे भरण्याआधी लेखी विचार: रात्रभर जागा राहणारा माणूस असतो का, केबिनमधून बाहेर पडायच्या दोन वाटा वेगवेगळ्या ठिकाणी निघतात का, लिथियम बॅटऱ्या कुठे चार्ज करतात, ऑक्सिजन किती तास पुरेल, सर्वांत जवळचा रीकॉम्प्रेशन चेंबर (डायव्हिंगमधल्या दाबाच्या आजारावर उपचाराची खोली) किती तासांवर आहे, एका गाइडमागे किती डायव्हर. चारपर्यंत उत्तम, सहाच्या वर नको. उत्तर टाळलं तर दुसरी बोट बघ. बोटीवर चढल्यावर पहिल्या संध्याकाळी ती दुसरी वाट स्वतः चालून बघ, अंधारात कडी कशी उघडते तेही.

केबिन खालच्या मजल्यावर, मधोमध घे. वरच्या केबिनमधून दृश्य छान दिसतं, पण हेलकावेही तिथेच जास्त. दर बघताना पार्कची फी, इंधन अधिभार, नायट्रॉक्स, भाड्याचं सामान आणि टिप धरून बेरीज कर. स्वस्त वाटलेली बोट पुष्कळदा इथे महाग पडते. विम्यात डायव्हिंगचे अपघात आणि बोटीवरून हलवण्याचा खर्च नावानिशी लिहिलेला असू दे. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी हवं. मी २४ धरतो.

सुट्टी मार्चमध्ये सरकवता आली तर मात्र हे सगळं बाजूला ठेव आणि चार रात्रींची सिमिलनची सफर घे. को बोन, को ताचाई, रिशेल्यू रॉक. पाणी उबदार, अंतरं छोटी, आणि फेब्रुवारी ते एप्रिल व्हेल शार्क दिसण्याची शक्यताही असते. समुद्र लागतो का, दिवसाला चार डाइव्ह झेपतात का, हे चार रात्रींत कळतं. कोमोडो त्यानंतरच्या ऑगस्टला कर, तोवर साठेक डाइव्ह होतील.

तारखा हलतात का ते कळव. आणि शेवटच्या दहा डाइव्हच्या नोंदी पाठव: किती खोल, किती मिनिटं, सुरुवातीला किती बार, शेवटी किती. त्यावरून तुझा हवेचा वापर काढून देतो.

तुझा,
काका