चाक वाढलं, बिजागरी तीच

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि आडवाट

प्रश्न : माझ्या थारला मुळात २४५/७५ आर १६ टायर होते. पाल आणि त्यापुढच्या सातपुड्यातल्या वाटांसाठी आता २८५/७० आर १७ घातले आहेत. खालची चार चाकं बसली, स्टेपनीचं मात्र अडलं आहे. केळीच्या काट्यावर तोलून पाहिलं, तर जुनं चाक रिमसकट २९ किलो आणि नवं ४२ किलो भरलं. गॅरेजवाले म्हणतात, २ इंचाचा स्पेसर (दार आणि चाकामधलं अंतर वाढवणारा जाड तुकडा) टाकून मागच्या दारावरच लावून देतो. दार टिकेल का?
– एक वाचक, सावदा

उत्तर : चाक आधी काट्यावर ठेवलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण टायरचं माप पाहतात आणि वजन विसरतात. पण वजनाइतकंच महत्त्व आहे ते वजन दारापासून किती लांब लटकतंय याला. तुमच्या बाबतीत खरी काळजी त्या स्पेसरची आहे.

हिशोब करून बघा. जुन्या चाकाचा मध्य दाराच्या पत्र्यापासून १५ सेंमी मागे आहे असं धरलं, तर पत्र्यावरची ओढ २९ गुणिले १५, म्हणजे ४३५ किलो-सेंमी येते. नवं चाक स्पेसर टाकून २० सेंमीवर गेलं की ४२ गुणिले २०, म्हणजे ८४०. वजन जेमतेम दीडपट झालं, ओढ जवळपास दुप्पट. खड्ड्यात गाडी आदळली की हाच भार क्षणभर तिप्पट होऊ शकतो. पत्रा एका दिवसात फाटत नाही. ब्रॅकेटच्या (दारावरच्या, चाक धरणाऱ्या लोखंडी बैठकीच्या) कोपऱ्यावरच्या छिद्राशी आधी रंगाला केसाएवढी चीर जाते, पावसाळ्यात तिच्यातून गंजाचा ओघळ दिसतो आणि मग पत्रा उकलतो.

बिजागऱ्यांचा हिशोब वेगळा. दार उघडं असताना सगळा भार त्यांच्यावरच असतो. बिजागरीपासून चाकाचा मध्य ५५ सेंमी आणि दोन बिजागऱ्यांमधलं अंतर ४० सेंमी धरा. मग वरच्या बिजागरीवर ४२ गुणिले ५५ भागिले ४०, म्हणजे साधारण ५८ किलोची ओढ येते. जुन्या चाकाला ती ४० होती. दाराचं स्वतःचं वजन याहून वेगळं. ही अंतरं आम्ही समजण्यासाठी धरली आहेत. तुमच्या गाडीवर टेप लावून आपले आकडे घाला.

आता चाक किती वर घ्यायचं ते पाहू. मूळ टायरचा व्यास ७७४ मिमी, नव्याचा ८३१. फरक ५७, म्हणजे टायरचा खालचा काठ २८ मिमी खाली येणार. आज टायर आणि बंपरमध्ये ४० मिमी फट असेल, तर १२च उरेल. चालत्या गाडीत दार हलतं, त्यामुळे २५ मिमीपेक्षा कमी फट ठेवू नका. म्हणजे चाकाचा मध्य १५ ते ३० मिमी वर घ्यावा लागेल. पण वर घेतल्यावर मागच्या काचेचा खालचा भाग झाकला जातो. वायपर फिरवून बघा, काच उघडून बघा, आरशातून मागचा रस्ता कितपत दिसतो तेही बघा.

स्पेसर लागतो तो टायरची आतली बाजू दाराला घासते म्हणून. टायर ४० मिमी रुंद झाला, त्यातले २० मिमी दाराकडे आले. पण तुमच्या नव्या रिमचा ऑफसेट (रिमच्या रुंदीचा मध्य आणि रिम जिथे टेकते ती बैठक यांतलं अंतर) मूळ रिमपेक्षा कमी असेल, तर टायर आपोआपच बाहेर सरकतो आणि स्पेसरची गरज राहत नाही. ऑफसेटचा आकडा रिमच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेला असतो. तो वाचल्याशिवाय फॅब्रिकेशनवाल्याकडे जाऊ नका.

स्पेसरशिवाय भागत असेल, तर दारावर लावायला हरकत नाही. मात्र आधी बिजागऱ्या तपासा. दार अर्धं उघडून टायरला खालून हात घाला आणि वर उचला. पिनेत टक्क असं जाणवलं, तर बुश-पिन बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग ६ मिमी जाडीची एम.एस. (साध्या पोलादाची) प्लेट घ्या. ती ब्रॅकेटच्या मूळ छिद्रांतच बसली पाहिजे आणि तिच्यावर चाकाचे स्टड (नट बसतात ते आटेदार खुंट) हवे तेवढे वर घेतलेले असावेत. दाराच्या पत्र्याला नवीन भोकं पाडू देऊ नका. पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो, जोर असतो तो आतल्या मजबुतीच्या पट्टीत, आणि मूळ छिद्रं त्या पट्टीतच असतात. बोल्ट ८.८ ग्रेडचेच घ्या. एम ८ (८ मिमी जाडीचे) असतील तर साधारण २५ न्यूटन-मीटर, एम १० असतील तर ४५ ते ५० पर्यंत टॉर्क पान्याने आवळा. चाकाचा नट स्टडच्या जाडीइतका तरी आत गेला पाहिजे. १२ मिमीच्या स्टडवर १.५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) असेल तर किमान ८ पूर्ण वेढे.

आणि रबरी टेकू. हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं, म्हणून जरा जोर देऊन सांगतो. स्टेपनी नुसती नटांवर टांगायची नसते, ती मागे रबरावर दाबून बसवायची असते. नट आवळल्यावर रबर ३ ते ५ मिमी दबलं पाहिजे. चाक वर आणि बाहेर सरकलं की मूळ टेकू टायरपर्यंत पोचतच नाहीत. मग ४२ किलोचं चाक प्रत्येक खड्ड्यात हातोड्यासारखं दारावर आपटतं. टेकूची उंची वाढवा, किंवा प्लेटवरच दोन नवे टेकू बसवा.

चाक चढवल्यावर दार २-३ मिमी खाली बसेल आणि कडी बरोबर लागणार नाही. त्यावर दार आदळून लावू नका. खांबावरचा स्ट्रायकर (कडी ज्यात अडकते तो भाग) सैल करा, तेवढा खाली घ्या आणि पुन्हा आवळा. ५० किमीला एकदा, ५०० किमीला एकदा सगळे नट तपासा. नंतर प्रत्येक डोंगरफेरीनंतर.

स्पेसर टाळताच येत नसेल, तर आमचं मत स्पष्ट आहे : दार सोडा, चॅसीवर बोल्ट केलेला फिरता कॅरियर (स्टेपनी धरणारी, बाजूला फिरवून उघडता येणारी चौकट) घ्या. त्याचा खांब, तो ज्या चौकोनी नळीवर उभा राहतो तिच्या आरपार गेलेला असावा, नुसता तोंडावर वेल्ड केलेला नको. आत ग्रीस भरता येणारं टेपर रोलर बेअरिंग आणि कडीला दुसरं कुलूप हवं. पत्र्याच्या बंपरवर तो कधीही बसवू नका. पण यालाही किंमत आहे. कॅरियर ३५ किलोचा धरला, तर मूळ चाक वजा जाता मागे ४८ किलो वाढतात. हे वजन मागच्या धुरीच्या १ मीटर मागे असलं आणि व्हीलबेस २.४५ मीटर, तर मागच्या धुरीवर ६८ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे २० किलो कमी होतात. घाटाच्या चढावर स्टिअरिंग हलकं लागेल ते यामुळेच.

जाता जाता : टायर मोठे झाल्याने स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८६ने धावत असेल.

प्रश्न : असा कॅरियर किंवा मोठी स्टेपनी लावली तर आरटीओची अडचण येते का?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : येऊ शकते. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. चॅसीला वेल्डिंग करूच नका. काहीही बसवा, नंबरप्लेट, तिचा दिवा, ब्रेकचे आणि रिव्हर्सचे दिवे मागून पूर्ण दिसले पाहिजेत. काम करण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा.

प्रश्न : जिम्नीला २३५/७५ आर १५ टायर घातले आहेत. दारावर मूळची १९५/८० आर १५ स्टेपनीच ठेवली तर चालेल का? धडगाव-मोलगी भागात नेहमी जाणं असतं.
– एक वाचक, शहादा

उत्तर : पंक्चरच्या दुकानापर्यंत हळू जायला चालेल, डोंगरात चालणार नाही. नव्या टायरचा व्यास ७३३ मिमी, मूळ स्टेपनीचा ६९३. फोर-एच किंवा फोर-एलमध्ये (चारही चाकांना जोर देणारे, एक वेगाचा आणि एक हळू पण ताकदीचा गिअर) पुढची आणि मागची धुरी एकत्र जखडलेली असते. एक चाक लहान असलं की दोन्ही धुऱ्यांचे फेरे जुळत नाहीत. चिखलात चाक घसरून तो ताण सुटतो. सुक्या खडकाळ रस्त्यावर सुटत नाही आणि ट्रान्स्फर केसवर, म्हणजे दोन्ही धुऱ्यांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो. म्हणून लहान चाक लावलंत तर टू-एचमध्येच (फक्त मागच्या चाकांना जोर) राहा. आणि तुमच्या भागात नेमकं फोर-एल लागतं तिथेच पंक्चर होतं.

आणखी एक. २३५/७५ला किमान ६ इंच रुंद रिम लागते, जिम्नीची मूळ रिम ५.५ इंची आहे. रिम तीच असेल, तर आधी ते दुरुस्त करा. नव्याने निवड करायची असती, तर आम्ही २१५/७५ आर १५ सुचवला असता. व्यासात १० मिमीच फरक, म्हणजे स्टेपनी खाली ५ मिमी आणि दाराकडे १० मिमी येते. बहुतेक वेळा मूळ ब्रॅकेटवरच काम भागतं.

प्रश्न : मागचं दार खडखडतं. गॅरेजमध्ये कडी घट्ट करून आणली, आठ दिवसांत पुन्हा तेच. स्टेपनी मूळच्याच मापाची आहे.
– एक वाचक भगिनी, साक्री

उत्तर : ताई, आवाज कडीतून येत असेलच असं नाही. स्टेपनी काढून ठेवा आणि त्याच रस्त्याने ५ किमी फिरून या. आवाज थांबला, तर दोष रबरी टेकूचा किंवा चाकाच्या बैठकीचा आहे. जळगाव-धुळ्याच्या उन्हात रबर दोन-तीन वर्षांत कडक होऊन आखडतं. बोटाच्या नखाने दाबलं तर ते दबलं पाहिजे. पंक्चर झालेलं चाक काळ्या मातीसकट परत टांगलं असेल, तर रिम आणि ब्रॅकेटच्या मध्ये मातीचा थर राहतो. तो वाळून भुगा झाला की नट आपोआप सैल पडतात. ब्रॅकेट आणि रिमची बैठक तारेच्या ब्रशने घासून पुसा, मगच नट लावा.

स्टेपनी काढूनही आवाज येत राहिला, तर बिजागरीची पिन आणि दाराच्या कडेचे रबर गुटके बघा. कडी शेवटी बघा. जीर्ण बिजागरीवर कडी आवळत राहिलं की दार तेवढ्यापुरतं शांत होतं, पण पिनेचं छिद्र लांबट होत जातं. मग बुश बदलूनही उपयोग होत नाही, अख्खी बिजागरी घ्यावी लागते. स्टेपनी उतरवलीच आहे, तर टायरच्या बाजूवरच्या उत्पादनाच्या कोडमधले शेवटचे चार आकडे वाचा : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. न वापरताही उन्हाने टायर म्हातारा होतो. बाजूला चिरा दिसत असतील तर तो बदलून घ्या.