शेतावरची चाळ, गोठा, शेड यांचा आराखडा हाताने काढावा की कॉम्प्युटरवर?

तुम्ही विचारलंय की दिंडोरी तालुक्यात दोन एकर आहे, तिथे छोटं घर, चार गाईंचा गोठा, कांदाचाळ आणि अवजारांची शेड करायची आहे. तर वहीत हाताने नकाशे काढून मिस्त्रीला द्यावेत, की स्केचअप शिकून सगळं थ्रीडीमध्ये उभं करावं.

आधी हाताने, मग कॉम्प्युटरवर, आणि शेवटी वेल्डरच्या हातात परत हाताने काढलेला कागद. क्रम हाच ठेवा. जे लोक थेट लॅपटॉप उघडून बसतात ते चाळ बांधत नाहीत, चाळीचं चित्र बांधतात.

मी हे ठामपणे सांगते, कारण मला दोन्ही येतं. सिव्हिलचा डिप्लोमा केला, लग्नाआधी नाशिकच्या गंगापूर रोडला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंगला होते. ऑटोकॅड रोजचं होतं. स्केचअपही तिथेच शिकले, तेव्हा ते गूगलकडे होतं. २०१२ मध्ये ट्रिंबलने घेतलं. तरी मी कागदाची बाजू घेतली की समोरच्याला वाटतं, हिला कॉम्प्युटर जमत नसेल. हाताने काढलं म्हणजे अडाणी आणि स्क्रीनवर फिरवून दाखवलं म्हणजे शिकलेलं, ही समजूत आमच्या घरातही आहे. तिचा मला मनापासून राग येतो.

आमची शेती निफाड तालुक्यात, लासलगावच्या बाजूला. उन्हाळ कांदा चाळीत साठवायचा आणि भाव बघून काढायचा, हे इकडे सगळ्यांचं ठरलेलं. आम्हाला २५ टनांची दुपाखी चाळ हवी होती. तिची मापं तुम्हाला माहीत असतीलच: ४० फूट लांब, ४ फूट रुंद, ५ फूट उंच अशा दोन पाख्या, म्हणजे कांदा भरायच्या रांगा, मध्ये वाट, खालून हवा खेळायला जमिनीपासून दीड-दोन फूट मोकळं. म्हणजे चाळीच्या आकारात डोकं चालवायला फारसं काही नसतं. ती कुठे बसवायची, कुठल्या दिशेने बसवायची आणि जोडकाम कसं करायचं, खरा प्रश्न तो असतो.

माझे धाकटे दीर पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेत. दिवाळीला ते मॉडेल तयार करूनच आले. लाल छप्पर, शेजारी आंब्याचं झाड, दारात ट्रॅक्टर. लॅपटॉप फिरवून सगळ्यांना दाखवलं आणि घर हरखून गेलं. चाळ त्यांनी घराच्या पूर्वेला, रस्त्याला लागून ठेवली होती. ट्रॉली सरळ आत येईल, रात्री लक्ष राहील, असं त्यांचं म्हणणं. पण त्या मॉडेलमधली जमीन म्हणजे एक सपाट हिरवा चौकोन होता.

आमची जमीन तशी नाही. पश्चिमेकडून रस्त्याच्या बाजूला उतरत जाते. माझे सासरे, नाना, लॅपटॉपकडे बघत बसले, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "सूनबाई, वही घे आन् चल." पावसाळ्यात पाणी जिथून जिथून वाहिलं होतं तिथे त्यांनी तेव्हाच खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या. मी आलेखाची वही नेली, एक चौकोन म्हणजे पाच फूट धरलं आणि खुंट्या, विहीर, घर, बांध, विजेचा खांब, नानांच्या आवडीचं बोरीचं झाड, सगळं त्यावर उतरवलं. मग गवंड्याकडची पाण्याची नळी आणून लेव्हल घेतली. दिरांनी निवडलेली जागा घराच्या पश्चिमेच्या जागेपेक्षा चांगली दोन फूट खाली निघाली. दोन्ही ठिकाणी नानांनी खड्डेही घेतले. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर नुसता खांब उभा करून भागत नाही, मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. रस्त्याकडे काळीचा थर जाड, पश्चिमेला मुरूम लवकर लागला.

यातलं एकही काम कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी करत नाही. ते तुम्ही दिलेलं फक्त नीटनेटकं करून परत देतं. तुम्ही सपाट जमीन दिली तर ते खुशाल सपाट जमिनीवर चाळ बांधून देईल. हाताने काढताना मात्र पेन्सिल अडते. इथून बांधापर्यंत किती, हे ठाऊक नसेल तर रेघ पुढे जात नाही, उठून टेप धरावीच लागते.

वाऱ्याचंही असंच. चाळीत कांदा टिकतो तो हवेवर. साधारण २५ ते ३० अंश आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता त्याला मानवते आणि कुबट, कोंदट हवेत तो सडतो. इकडे पावसाळ्यातला वारा पश्चिमेचा. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दुपाखी पूर्व-पश्चिम, ही रीत त्यातूनच आली आहे. एकपाखीला वारा आडवा भिडून आरपार जातो. दुपाखीत तो मधल्या वाटेत शिरून दोन्ही बाजूंच्या कांद्यातून बाहेर पडतो. घराच्या पूर्वेला चाळ म्हणजे त्या वाटेच्या तोंडावरच घराची भिंत. नाना एवढंच म्हणाले, "वारा घर वलांडून चाळीत कसा उतरंल?"

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तर कागदही मागितला नाही. मी खळ्यावर चुन्याच्या फक्कीने चाळीचा तळ पूर्ण मापात आखला. काटकोन ३-४-५ ने धरला, मधली वाट ४ फूट ठेवली. आई दोन बायकांना घेऊन आल्या, समोरासमोर कांदा निवडायला बसवलं आणि मधून डोक्यावर पाटी घेऊन स्वतः चालून बघितलं. वाट ५ फूट झाली. स्क्रीनवर ४ फूट आणि ५ फूट यांत काहीच फरक दिसत नाही. वर्षानुवर्षं तिथे बसणाऱ्या बाईच्या गुडघ्यांना तो कळतो. तुमच्या गोठ्यातही जी व्यक्ती धार काढणार, शेण उचलणार, तिलाच फक्कीच्या रेघांत उभं करा. गव्हाणीची उंची आणि शेणाच्या गाडीचं वळण ती सांगेल.

आता कॉम्प्युटर. हे सगळं झाल्यावर मी स्वतः स्केचअपमध्ये मॉडेल केलं आणि त्याचा उपयोगही घसघशीत झाला. दोन ठिकाणी.

पहिलं ऊन. नाशिक जवळजवळ २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो किंचित उत्तरेकडे असतो आणि डिसेंबरात दुपारी साडेशेहेचाळीस अंशांपर्यंतच चढतो. ठिकाण आणि तारीख टाकली की सावली कुठे पडते ते सॉफ्टवेअर दाखवतं. आमचा कांदा चाळीत एप्रिलपासून ऑक्टोबर अखेरीपर्यंत असतो, म्हणून मी तेवढेच महिने तपासले. पूर्व-पश्चिम चाळीत सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मुख्यतः दोन अरुंद टोकांवर येतं. लांब बाजूंना दुपारी पाखाची, म्हणजे रांगेच्या बाहेर आलेल्या छपराची, सावली मिळते. ऑक्टोबर अखेरीस सूर्य दक्षिणेला ५७ अंशांवर असतो, तेव्हाही अडीच फुटांचं पाखं पावणेचार फूट खोल सावली देतं. हे हातानेही मांडता येतं, पण तारीख बदलून बदलून बघायला स्क्रीनच बरी.

दुसरं पाइप. लोखंडी पाइप सहा मीटरचा येतो. दोन्ही पाख्या आणि वाट मिळून १३ फूट. माझ्या मनात दोन्हीकडे तीन-तीन फुटांचं पाखं होतं. मॉडेलमध्ये २२ अंशांच्या उतारावर तिरप्या पाइपचं माप सव्वादहा फूट आलं, म्हणजे एका पाइपमधून एकच तुकडा आणि बाकीचा जवळजवळ अर्धा शिल्लक. पाखं अडीच फुटांवर आणलं आणि माप ९ फूट साडेआठ इंच झालं. सहा मीटरमध्ये बरोबर दोन तुकडे बसले, वरून दहा फुटी पत्राही बसला. अशी मापं सेकंदात हलवून बघायला कॉम्प्युटरला तोड नाही.

पण पत्रा उडेल का, हे स्केचअप सांगत नाही. मॉडेल उभं दिसतं म्हणजे ते वादळात उभं राहील असं नाही. वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिलाय. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की चौरस मीटरला ९१३ न्यूटन, म्हणजे सुमारे ९३ किलो दाब. आमचं छप्पर १८ बाय ४० फूट, साधारण ६७ चौरस मीटर. वळवाचा वारा उघड्या चाळीत खालून शिरला तर छताला वर उचलणारा जोर सहा टनांच्या घरात जातो. छताच्या आकारानुसार कमी-जास्त. खांब १२. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा टन. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल काँक्रीटचं वजन साधारण ५४० किलो भरतं. हा हिशोब मी वहीच्या पाठच्या पानावर केला आणि पाया तेवढाच घेतला. गावात पत्रे उडतात ते बहुतेक खांब उथळ आणि पत्रा धरून ठेवणारे जे-हुक विरळ असतात म्हणून.

शेवटी फॅब्रिकेटर. त्याला मी मॉडेलची रंगीत प्रिंट दिली नाही. कैचीचा, म्हणजे छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याचा, एक मोठा हाताने काढलेला कागद दिला, प्रत्येक जोड वेगळा, मापं फूट-इंचात, कारण त्याची टेप फूट-इंचातच वाचली जाते. त्याने शेडच्या फरशीवर खडूने पहिली कैची पूर्ण मापात आखली, कोपऱ्यांना लोखंडी अटकाव वेल्ड केले आणि बाकीच्या सगळ्या त्यातच बसवून काढल्या. सहाही सारख्या. आमच्या कामात डिझाइन तिथे, त्या फरशीवर पक्कं होतं.

माझे दीर आजही लग्नकार्यात सांगतात, "वहिनींनी वहीत चाळ बांधली, माझं मॉडेल स्वस्तात झालं असतं." तर तो हिशोब इथे मांडते. त्यांची जागा दोन फूट खाली. ५० बाय २५ फुटांचा ओटा दोन फूट उचलायचा तर अडीच हजार घनफूट, म्हणजे पंचवीस ब्रास मुरूम, तोही दाबून बसलेला, आणायचा त्याहून जास्त. शिवाय वाहतूक, रोलर, आणि काळीत खोल पाया. त्यांच्या खर्चाच्या तक्त्यात यातली एकही ओळ नव्हती, कारण मॉडेलमध्ये उतारच नव्हता. भाऊजी, मी तुमच्या लॅपटॉपच्या विरोधात कधीच नव्हते. नानांच्या खुंट्या तुम्ही त्यात घातल्या असत्या तर तुमच्याही मॉडेलने पश्चिमेचीच जागा दाखवली असती.

रस्ता जवळ असणं महत्त्वाचं आहे, हे त्यांचं बरोबर होतं. आम्हाला ट्रॉलीसाठी वेगळी वाट करावी लागली. तुमची जागा सपाट असेल आणि वाऱ्याला आड काही नसेल तर रस्त्यालगतच घ्या.

आणखी काही गोष्टी. आमची मापं जशीच्या तशी उचलू नका. निफाड-येवल्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तर इगतपुरीत तीन हजारांच्या वर. दिंडोरीतही पश्चिमेला पेठच्या बाजूला जाल तसा पाऊस वाढतो, तिथे पाखं आणि उतार दोन्ही जास्त लागतील. चाळीला अनुदान घ्यायचं असेल तर कृषी विभागाचा ठरलेला आराखडा पाळावा लागतो आणि पूर्वसंमती मिळाल्यावरच काम सुरू करायचं. आम्ही अनुदान घेतलं नव्हतं म्हणून पाखाची मोकळीक होती. घराबद्दल मी काही लिहिलं नाही, त्याची परवानगी आणि पाया हे वेगळंच प्रकरण आहे. अवजारांच्या शेडचा गाळा, म्हणजे खांबांमधलं अंतर, तीस फुटांच्या पुढे जात असेल तर माझ्यासारखीच्या वहीवर जाऊ नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी देऊन हिशोब करून घ्या. जाताना लेव्हल घेतलेला हाताचा नकाशा सोबत न्या, तो बघितल्याशिवाय त्यालाही नीट सांगता येणार नाही.