कॅलिफोर्नियातलं जुनं आयक्लर घर स्वतःच्या हातांनी पूर्ववत करता येतं का?

प्रश्न: सनीव्हेलमध्ये १९५० च्या दशकातलं एक आयक्लर घर (बिल्डर जोसेफ आयक्लरने बांधलेलं) बघितलंय. हीटिंग बंद आहे, छप्पर गळतं, लाकडी भिंतींवर पांढरा रंग फासलाय. आम्ही नवरा-बायको शनिवार-रविवार राबून ते मूळ रूपात आणू शकू का? सुरुवात कुठून करावी?

उत्तर:

बरंचसं करू शकाल. आम्ही अशाच घरात राहतो आणि त्यातलं पुष्कळ काम घरच्या घरी केलंय, म्हणून लिहितेय. पण यूट्यूबवर दिसतो तो 'आधी किचन, मग बाथरूम' हा क्रम इथे विसरा.

या घरात काही लपवायला जागाच नाही. पोटमाळा नाही, फॉल्स सीलिंग नाही, जमिनीखाली शिरायला पोकळी नाही. खाली काँक्रीटचा स्लॅब, त्यावर खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर एकमेकींत अडकवलेल्या जाड फळ्या. खालून बघाल तर ते सीलिंग, वर चढून बघाल तर तेच छप्पर. त्यामुळे वायर, पाइप, इन्सुलेशन, काहीही नवीन घालायचं तर ते एक तर छपरावरून जातं, नाही तर स्लॅबशी झुंजावं लागतं. क्रम त्यावरून ठरतो.

म्हणून पहिलं काम छप्पर, पण छपरावाल्याच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. एसी, इंडक्शन, गाडीचा चार्जर, जे काही पुढेमागे लागेल त्याची यादी आत्ताच करा. त्यांचे कॉन्ड्युइट (वायरी घालायच्या नळ्या) छपरावरून टाकून घ्यायचे आणि मग त्यावर फोम फवारून घ्यायचा. उलटं केलंत तर नवं कोरं छप्पर फोडावं लागेल. मूळ छपरं डांबर आणि खडीची होती. फोमने गळती थांबते आणि इन्सुलेशनही मिळतं, फक्त त्यावरचं कोटिंग उन्हाने झिजतं, ते अधूनमधून परत द्यावं लागतं. फोमऐवजी कडक बोर्ड ठोकून घेणार असाल तर स्क्रूची लांबी स्वतः मोजा. बोर्ड आणि फळी यांच्या एकत्र जाडीपेक्षा स्क्रू लांब निघाला की दिवाणखान्यात डोक्यावर टोकांची रांग दिसते, आणि कंत्राटदार तोवर पैसे घेऊन गेलेला असतो. छपराचं काम स्वतः करू नका. छपराबाहेर डोकावणारी तुळयांची टोकं मात्र तुमच्या आवाक्यातली आहेत. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. मऊ लागलं तर कुजकं लाकूड कोरून काढायचं, इपॉक्सी भरायचं, रंगवायचं आणि वरून पत्र्याची टोपी बसवायची. कूज खांबापर्यंत आत गेली असेल तर मात्र इंजिनिअर.

आता स्लॅब. त्याच्या पोटात गरम पाण्याच्या नळ्या आहेत, हेच या घराचं मूळ हीटिंग. जानेवारीत अनवाणी चालायला यासारखं सुख नाही. तुमचं हीटिंग बंद आहे म्हणजे नुसता बॉयलर गेलाय की नळी फुटलीये, हे प्रेशर टेस्टने (नळ्यांत दाब भरून तो टिकतो का बघून) कळतं. नळ्या तांब्याच्या असतील तर गळकी जागा शोधून तेवढाच स्लॅब फोडून दुरुस्ती होते. पोलादाच्या असतील तर मी फार आशा ठेवणार नाही. गंज एका जागी थांबत नाही. मग मिनी-स्प्लिट (गरम-थंड दोन्ही करणारा भिंतीवरचा एसी) लावून मोकळं व्हावं, आणि त्याच्या वायरी पुन्हा छपरावरूनच! चालू हीटिंग असेल तर थर्मल कॅमेऱ्यात नळ्यांच्या रेषा स्वच्छ दिसतात. त्या बघितल्याशिवाय स्लॅबमध्ये एक खिळासुद्धा मारू नका, कार्पेटच्या पट्टीचाही नाही.

कार्पेटखाली ९ इंची चौकोनी टाइल्स आणि काळा गोंद निघाला तर त्यात ॲस्बेस्टॉस (धूळ फुफ्फुसात गेली तर घातक) असणार असं धरून चाला. खरवडू नका, घासू नका, नमुना लॅबला पाठवा. अखंड असतील तर वरून नवी फरशी घातलेली बरी. हीटिंग वाचलं असेल तर जाड लाकूड किंवा कार्पेट नको, ऊब वर यायला वेळ लागतो.

भिंतींचं काम खरं तुमचं. मूळ पॅनेलिंग फिलिपिन्सच्या लुआन महोगनीचं, आणि वरचा पापुद्रा इतका पातळ की सँडिंग मशीन लावलंत की संपलं. जी भिंत रंगातून वाचलीये ती मिनरल स्पिरिटने (टर्पेंटाइनसारखं थिनर) पुसून घ्या आणि किंचित रंग मिसळलेलं लाखेचं पॉलिश चढवा, आपल्याकडचे सुतार करतात तसं फडक्याच्या बोळ्याने. पांढऱ्या भिंतींचा रंग काढायच्या भानगडीत मी पडणार नाही. तो लाकडाच्या रेषांत मुरलेला असतो, वर १९७८ च्या आधीचा असेल तर शिसं निघू शकतं. त्यावर नवी पॅनेल बसवणं स्वस्त आणि कमी कटकटीचं.

काच थोडक्यात: जमिनीपासूनच्या मोठ्या काचा एकेरी आहेत. बदलाल तिथे टेम्पर्ड (फुटली तरी धारदार तुकडे न होणारी) घ्या आणि बसवायला माणूस बोलवा. मुख्य इलेक्ट्रिक पॅनेललाही हात लावू नका. दोन पिनांचे सॉकेट म्हणजे बहुधा अर्थिंग नाही.

परमिट मालक म्हणून स्वतःच्या नावावर काढता येतं, पण मग मदतीला आणलेला माणूस पडला-झडला तर तेही तुमच्याच नावावर. सनीव्हेलची आयक्लर घरांसाठी वेगळी नियमावली आहे. दर्शनी भागाला हात लावण्याआधी ती वाचा.

जाता जाता, जोसेफ आयक्लरबद्दल मला आदर आहे तो घरांच्या सौंदर्यापलीकडचा. १९४९ पासून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याने सुमारे ११,००० घरं बांधली आणि कृष्णवर्णीयांना, आशियाईंना घरं नाकारली जात त्या काळात ती कुणालाही विकली. बिल्डरांची राष्ट्रीय संघटना भेदभावाविरुद्ध उभी राहीना म्हणून १९५८ मध्ये त्याने ती सोडली. आज त्याच घरांच्या मधल्या चौकात आपल्या लोकांच्या तुळशी दिसतात.

तुमचा सौदा अजून व्हायचाय, तर प्रेशर टेस्ट आत्ताच मागा, आणि वाळवीचा रिपोर्ट एजंटकडून ऐकू नका, स्वतः वाचा. खांबांच्या पायाशी काय लिहिलंय ते आधी बघा. स्लॅबच्या कडेला बागेची माती चढलेली असेल तर वाळवी बहुतेक तिथूनच शिरते.