‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये भूत दिसतच नाही, मग लोक घाबरतात कशाला?

तुम्ही लिहिलंय की चेटकिणीवर डॉक्युमेंटरी करायला कॅमेरे घेऊन गेलेली तीन पोरं जंगलात नुसती भांडत फिरतात, चेटकीण शेवटपर्यंत येत नाही, घरातले सगळे अर्ध्यात झोपले. बरोबर आहे, भूत बघायला बसलात तर झोपच येणार. मला विचाराल तर हा चकव्याचा पिक्चर आहे, आणि चकवा म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, सड्याच्या पलीकडे. सडा म्हणजे नुसता कातळ, झाड नाही, घर नाही, दिवसा बघाल तर टेबलासारखा सपाट. गणपतीत मी आणि दोन चुलतभाऊ मुंबईहून निघालो, गाडी लेट, वस्तीची येष्टी चुकली, तिठ्यावर उतरून रिक्षा नाही म्हणून म्हटलं सड्यावरनं शॉर्टकट मारू, चार किलोमीटर तर आहे, लहानपणापासूनची वाट. अर्ध्यावर धुकं उतरलं. मोबाईलची बॅटरी लावली की समोर पांढरी भिंत, बंद केली की काहीच नाही. चालत चालत एका बंद पडलेल्या चिरेखाणीपाशी आलो, पाण्याने काठोकाठ भरलेली, आणि कडेला फुटक्या चिऱ्यांच्या ढिगावर निळ्या पट्ट्याची एक स्लीपर पडलेली, डाव्या पायाची. खाण टाळून पुढे गेलो. अर्ध्या तासाने परत खाण, परत स्लीपर. म्हटलं दुसरी असेल. तिसऱ्यांदा आलो तेव्हा धाकटा रडायलाच लागला आणि मी आणि मोठा एकमेकांच्या अंगावर, ‘तूच डावीकडे म्हणालास’, ‘तुझ्या बापाची वाट आहे का’, घरात कधी वापरत नाही ते सगळे शब्द. खरं सांगतो, भुताचा विचार तेव्हा डोक्यात नव्हताच. आपण सरळ चाललोय असं पाय सांगतायत आणि समोर तीच चप्पल, म्हणजे आपल्याच पायांवर आपला भरवसा उरत नाही, ती भीती वेगळी असते.

आता पिक्चरमधला तो ओढ्यावर आडव्या पडलेल्या झाडाचा सीन आठवा. नकाशा गेलाय, तो कोणी घालवला ते कळल्यावर झालेलं भांडण तुम्ही बघितलंच असेल. मग ते ठरवतात की होकायंत्र धरून फक्त दक्षिणेला चालायचं. दिवसभर चालतात. संध्याकाळी समोर तेच झाड. तिथे त्या तिघांतली हेदर ज्या आवाजात कोसळते ना, त्याला मी अॅक्टिंग म्हणायला तयार नाही.

आणि ती पूर्ण अॅक्टिंग नव्हतीच. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये आठ दिवसांत मेरीलँडच्या जंगलात हे शूटिंग झालं. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे दोघे डायरेक्टर, पण बहुतेक वेळ ते समोर नसायचेच, कॅमेरे त्या तिघांच्याच हातात. कुठे पोचायचं ते जीपीएसवर, आणि प्रत्येकासाठी फिल्मच्या रिकाम्या डबीत वेगळी चिठ्ठी, एकाची दुसऱ्याने वाचायची नाही. डायलॉग त्यांनीच तिथल्या तिथे बोलायचे. रात्री हेच डायरेक्टर येऊन तंबू हलवणार, आवाज काढणार. वरनं दर दिवशी जेवण कमी कमी करत नेलं. म्हणजे ती चिडचिड उपाशी माणसाची आहे हो. बोलावून तीन दिवस चहा-चपातीवर ठेवलं तर आमच्या घरातले लोक ऑस्कर आणतील.

तुमच्याकडे चालला नाही याचं अजून एक कारण आहे, काळ. १९९९ ला पिक्चर आला तेव्हा इंटरनेट नवं होतं, त्यांनी वेबसाईट काढून ही पोरं खरंच बेपत्ता आहेत असं पसरवलं, पात्रांची नावंही नटांचीच खरी ठेवलेली, आणि कितीतरी लोकांनी ते खरं मानलं. जगभरात जवळजवळ २५ कोटी डॉलर कमावले. आज तुम्हाला माहितीय की ती तिघं जिवंत आहेत, तिथे अर्धी हवा जाते. आणि कॅमेरा एवढा हलतो की अणुस्कुरा घाटात येष्टीच्या शेवटच्या सीटवर बसल्यासारखं होतं, याबद्दल मी काही बाजू घेणार नाही.

फांद्या बांधून केलेल्या त्या बाहुल्या झाडांना लटकतात, तंबूबाहेर सकाळी दगडांचे ढीग, हेही काहींना पोरखेळ वाटतं. तिठ्यावर पहाटे लिंबू-नारळाचा उतारा बघून ज्याने सायकल लांबून वळवलीय त्याला वाटणार नाही. कोणी ठेवला, कोणासाठी, माहीत नसतं, पण आपण येण्याआधी इथे कोणीतरी होतं एवढं कळतं. बास की.

बाकी चकव्यामागे काही नाही असं नाही. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारात चालायला लावलं, सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर सरळ गेले, तो ढगाआड गेल्यावर गोल गोल फिरायला लागले, आणि त्यांना स्वतःला पत्ता नाही. आणि होकायंत्राचं म्हणाल तर आमच्याच तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या सड्यावर, कातळशिल्प आहे तिथे, होकायंत्राची सुई भलतीकडेच दाखवते. त्यामुळे दक्षिण दक्षिण करत गोल फिरणं मला तरी अशक्य वाटलं नाही.

आमचं काय झालं ते राहिलंच. माझं आजोळ देवगडकडचं, आजी सांगायची, चकवो लागलो की थंयच बस, हलू नको. धाकट्यानेच आठवण केली. बसलो चिऱ्यांवर, स्लीपरच्या बाजूला. पंधरा-वीस मिनिटांनी धुक्यातनं टाळ-मृदंग ऐकू आला, भजन चाललेलं कुठेतरी, आणि आवाज आमच्या बरोब्बर पाठीमागनं. तिघंही गाव समजून उलटीकडे चाललेलो. आवाज धरून उतरलो तर शेजारच्या गावातली वाडी निघाली, ओळख ना पाळख, पण आधी उसळ-पाव आणि चहा हातात दिला आणि मग विचारलं कुठले म्हणून.

परत बघणार असाल तर एकट्याने, रात्री, हेडफोन लावून बघा. आणि सुरवातीला गावातल्या लोकांच्या मुलाखती आहेत त्या पळवू नका, कोपऱ्यात उभं करण्याची एक गोष्ट तिथे सहज येऊन जाते आणि ती निसटली तर शेवट कळतच नाही, तुमच्या घरच्यांचं बहुतेक तेच झालंय.

मी दुसऱ्यांदा बघितला तो त्याच दोन भावांबरोबर. झाडाचा सीन आला तसा धाकटा टीव्हीकडे बघून ओरडला, ‘अरे चालताय काय, बसा की तिथंच!’ आणि हसलं कोणीच नाही.