वायू अडकतो तो परतीच्या प्रवाहात

खडकाच्या छिद्रांतून वाहणाऱ्या वायू आणि पाण्याचं पहिलंच मॉडेल त्रिमितीय करायला जाऊ नका. एका मितीत, केशिका दाब (बारीक छिद्रांत वायू आणि पाणी यांच्या दाबांतला फरक) शून्य ठेवून, पाण्याची आघाडी कुठवर पोचते हे सांगणारं बकली-लेव्हरेट या संशोधकांचं १९४२ सालचं उत्तर आधी जुळवा. पाण्याची आघाडी जागेवर आली नाही, तर पुढच्या आकड्यांना काही अर्थ नाही.

खरी गंमत अडकणाऱ्या वायूत आहे. वायू शिरताना सापेक्ष पारगम्यतेचा (दोघे एकत्र असताना प्रत्येकाला वाहायला किती सोपं जातं, त्याचा) वक्र एक असतो, पाणी परत येताना दुसरा. नवखे दोन्हीकडे एकच वक्र लावतात आणि मॉडेलमधला वायू सुटा वाहत राहतो. जलस्नेही, म्हणजे पाण्याला चिकटवून ठेवणाऱ्या, खडकात पाणी छिद्रांच्या भिंतींवरून सरकतं, अरुंद गळ्यापाशी जाड होतं आणि वायूचा धागा तोडतं. तुटलेला बुडबुडा तिथेच अडकतो.

किती वायू अडकेल यासाठी लँड या संशोधकाचं १९६८चं सूत्र घ्या: सुरुवातीच्या वायू-संपृक्ततेला (छिद्रांतल्या जागेपैकी वायूने व्यापलेल्या हिश्शाला) '१ अधिक गुणांक गुणिले तीच संपृक्तता' याने भागा. गुणांक २ असेल, तर ०.६ पैकी ०.२७ अडकते, ०.२ पैकी ०.१४. म्हणून ग्रिडच्या प्रत्येक खान्याने गाठलेली कमाल वायू-संपृक्तता साठवून ठेवा. सगळीकडे अडकलेल्या वायूचा एकच आकडा टाकणं मला अजिबात पटत नाही.

गुणांक शक्यतो त्याच खडकाच्या कोअरच्या (खणून काढलेल्या दंडगोल नमुन्याच्या) चाचणीतून काढा. मात्र कोअरमध्ये वायू सोडताना त्याच्या बाहेरच्या टोकाशी पाणी साचून राहतं, त्यामुळे सरासरी संपृक्तता फसवते. लांबीभर स्कॅन केलेली संपृक्तता मिळाली, तर तीच वापरा.