जाड घड्याळ, बारीक मनगट

प्रश्न: थोरल्या भावाने त्याचं रोलेक्स डीपसी हे पाणबुड्यांसाठीचं घड्याळ मला दिलं. ४४ मिमीचं आहे, माझं मनगट जेमतेम साडेसहा इंच. रोज घालू का? नऊच्या बाजूला एक गोल झडप आहे, ती पोहताना उघडायची असते का?

उत्तर: झडपेची काळजी सोडा, ती आपोआप उघडते. खोल समुद्रातले कामगार दिवसचे दिवस दाबाच्या खोलीत हेलियम-मिश्रित हवेत राहतात. हेलियमचे बारीक अणू घड्याळात शिरतात, आणि बाहेरचा दाब उतरवताना ते अडकले तर काच उडू शकते. त्यांना वाट देण्यासाठी ही झडप. पोहताना तिचं काही काम नाही. बाजूची चावी मात्र आत दाबून स्क्रूसारखी घट्ट बसवलेली हवी. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

रोज जरूर घाला. ४४चा आकडा मला खटकत नाही, जाडी खटकते: जवळजवळ १८ मिमी. शर्टाची बटणवाली बाही तिच्यावरून उतरत नाही, म्हणून बाही सैल शिवून घ्या. घड्याळ मनगटावर फिरत असेल तर पट्ट्याच्या कड्या काढून घ्या. उन्हाळ्यात हात सुजला की बकलमध्येच दोन-दोन मिमीने सैल करता येतं, अवजार लागत नाही. मला या घड्याळातली सर्वांत आवडती सोय हीच.