छावणीतला हिवाळा सोडू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं वाचली. भाषेबद्दल भेटल्यावर बोलू. माझी तक्रार वेगळीच आहे. तुझा शिपाई तीन प्रकरणांत चार वेळा लढतो आणि एकदाही जेवत नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातला (१८६१–६५, संघराज्य टिकवणारी उत्तर विरुद्ध त्यातून फुटून निघालेली, गुलामगिरीवाली दक्षिण) साधा शिपाई वर्षातले मोजकेच दिवस लढायचा. बाकीचा सगळा काळ कवायत, लाकूडफाटा, पाणी, पहारा आणि पुन्हा कवायत. कवायतीवर दोन ओळी पुरेत. ती त्यांनाही कंटाळवाणीच वाटायची.

फ्रेडरिक्सबर्गची लढाई, १३ डिसेंबर १८६२, तू चांगली घेतली आहेस. पण ती संपते न संपते तोच तू थेट मे महिन्यातल्या पुढच्या मोठ्या लढाईला, चॅन्सलर्सव्हिलला, उडी मारतोस. मधला हिवाळा कुठे गेला? उत्तरेची पोटोमॅक सेना हरून रॅपाहॅनक नदीपलीकडे परतली आणि फॅल्मथच्या आसपास मुक्काम ठोकून बसली. लाखाहून जास्त माणसं, म्हणजे एक अख्खं शहर, फक्त गटारं नसलेलं. भोवतालची झाडं तोडून शिपायांनी ओंडक्यांच्या बुटक्या भिंती उभारल्या, वर राहुटीचं कापड ताणलं आणि चिखलमातीचं धुराडं बांधलं. धुराड्याच्या टोकाला कुणी रिकामं पिंप बसवायचं, ते कधीतरी पेट घ्यायचं. शेजारच्या झोपडीच्या धुराड्यावर गुपचूप फळी ठेवून आतल्यांना खोकत बाहेर काढणं ही आवडती करमणूक. अशा एका झोपडीत तुझ्या नायकाला चार जणांबरोबर कोंड. तो आपोआप बोलायला लागेल.

आता खाणं. हार्डटॅक म्हणजे पीठ आणि पाण्याचं, तीनेक इंचांचं चौकोनी बिस्किट. दातांनी तुटत नसे, म्हणून बंदुकीच्या दस्त्याने फोडायचं किंवा कॉफीत बुडवायचं. कॉफीत टाकलं की आतल्या अळ्या वर तरंगत. त्या काढून टाकायच्या आणि प्यायचं. कॉफीचे दाणे संगिनीच्या किंवा बंदुकीच्या दस्त्याने कुटत. वाटपाची तऱ्हा तर तू नक्की वापर. रबरी घोंगडी जमिनीवर पसरून तिच्यावर कॉफीचे सारखे ढीग घालत. सार्जंट ढिगांकडे पाठ करून यादी हातात घेई. दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारी, ‘हा कुणाचा?’ आणि सार्जंट न बघता नाव पुकारी. पक्षपाताचा आरोप नको म्हणून हा बंदोबस्त. मूठभर कॉफीसाठी माणसं किती बारीक हिशेब ठेवत, हे तुझ्या सगळ्या तोफांपेक्षा जास्त सांगून जातं.

रोगराई टाळू नकोस. या युद्धात गोळीने एक मेला तर रोगाने दोन, असं ढोबळ प्रमाण होतं. अतिसार, हगवण, विषमज्वर. खेड्यातल्या पोरांना तर भरती झाल्या झाल्या गोवर गाठायचा. शौचाचे चर कुठे खणलेत, त्यांच्यावर रोज माती पडते का, पिण्याचं पाणी त्यांच्या वरच्या अंगाचं की खालच्या, यावर जगणं-मरणं ठरायचं. जानेवारी १८६३ च्या अखेरीस जनरल हूकर या पोटोमॅक सेनेचा सेनापती झाला. त्याने ताजा पाव आणि भाजी सुरू केली, छावण्या साफ करवल्या, रजा दिल्या. आजारी माणसं कमी झाली आणि सेनेत जीव आला. मे महिन्यात तो चॅन्सलर्सव्हिलला हरला ही गोष्ट वेगळी. माझ्या मते त्याची खरी कामगिरी त्या पावाच्या भट्ट्यांतच आहे.

तुझ्या दुसऱ्या प्रकरणात दोन्हीकडचे पहारेकरी कॉफी आणि तंबाखूची अदलाबदल करतात, ते खरं आहे. सक्त मनाई असूनही त्याच हिवाळ्यात लाकडाच्या छोट्या शिडाच्या होड्या नदीपार जात. पण या प्रसंगावर तू इतका भाळलास की दोन्ही तीर सारखेच वाटायला लागतात. तसं नव्हतं. दक्षिणेच्या छावणीत कित्येक मालकांचा स्वयंपाक आणि धुणं गुलाम करत, तटबंद्याही त्यांच्याकडून खणून घेत. आणि १ जानेवारी १८६३ ला राष्ट्राध्यक्ष लिंकनची गुलाममुक्तीची घोषणा अमलात आली, ती याच मुक्कामात. तुझ्या झोपडीतले पाचही जण खूश होतील असं समजू नकोस. ‘आम्ही संघराज्य टिकवायला आलो, गुलामांसाठी नाही,’ म्हणून चिडणारे उत्तरेतही बरेच होते. त्यांना भांडू दे. पुढे काळ्या शिपायांच्या पलटणी उभ्या राहिल्या, तेव्हा गोऱ्याला महिना १३ डॉलर आणि काळ्याला १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने असा पगार घ्यायलाच नकार दिला. समान पगाराचा कायदा जून १८६४ मध्ये झाला. त्या छावण्यांत रात्री शेकोटीपाशी अक्षरं गिरवणारी मोठी माणसं होती. तुला पुढच्या भागासाठी पात्र हवंय ना, तिथे शोध.

(जाता जाता: दक्षिणेचा कापूस अडला म्हणून आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, मुंबईत शेअरचं वेड आलं आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळं कोसळलं. पण ही कथा या कादंबरीत कोंबू नकोस.)

एक बारीक दुरुस्ती. १८६१ च्या प्रसंगात तू रात्री दिवे मालवण्याचा तो प्रसिद्ध बिगूल, ‘टॅप्स’, वाजवलास. ती धून जुलै १८६२ मधली आहे, काढून टाक.

आणि शिपायांची पत्रं वाच. त्यांची पत्रं सेना सहसा तपासत नसे, त्यामुळे अधिकाऱ्यांच्या नालस्तीपासून पायातल्या बुटांपर्यंत सगळं त्यांत सापडतं. लिहिता न येणाऱ्याचं पत्र सोबती लिहून देई. म्हणजे घरची खाजगी गोष्ट आधी झोपडीला कळे.

चौथं प्रकरण सध्या बाजूला ठेव. फॅल्मथचा फेब्रुवारीतला एक साधा मंगळवार लिहून पाठव, पहाटेच्या बिगुलापासून रात्रीच्या बिगुलापर्यंत, लढाई नसलेला. रविवारच्या आत मिळाला तर बरं, सोमवारपासून मी गावाला जाणार आहे.

तुझा,
सर